राज्य कोठे कोसळते?

राज्य उलथले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेटलेले वाडे, फुटलेल्या वेशी आणि शस्त्रे परजीत धावणारा जमाव उभा राहतो. नाटक-कादंबऱ्यांनी लावलेली ही सवय आहे. पण राज्य कोसळण्याची खरी जागा फार लहान असते. ती असते हुकूम ऐकणाऱ्याच्या मनात. रशियाच्या झारचे राज्य कसे गेले, ते पाहावे म्हणजे हे ध्यानी येईल.

रोमानोव्ह घराणे १६१३ पासून गादीवर होते. १९१७ साली महायुद्धाचे तिसरे वर्ष चालू होते. झार दुसरा निकोलस सरसेनापती म्हणून मोगिल्येव्हच्या छावणीत होता आणि इकडे राजधानी पेट्रोग्राडमध्ये बायका कडाक्याच्या थंडीत पावासाठी रांगा धरीत होत्या. ८ मार्चला, महिला दिनी, कापडगिरण्यांतील कामकरणी काम टाकून रस्त्यावर आल्या. त्यांची मागणी एकच : पाव! तिसऱ्या दिवशी संपकऱ्यांची संख्या दोन लाखांवर गेली. हे कोणा मोठ्या पुढाऱ्याने घडविले म्हणावे, तर लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता.

१० मार्चला झारने तार केली, की राजधानीतील दंगल उद्याच्या उद्या मोडून काढा. दुसऱ्या दिवशी व्होलिन्स्की पलटणीच्या शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. माणसे पडली, रस्ते ओस झाले. सरकारला वाटले, जिंकलो!

पण त्या रात्री बराकीत शिपायांना झोप आली नाही. त्यांच्यात नव्याने भरती झालेले शेतकरी पुष्कळ होते. आपण कोणावर बंदूक चालविली? पाव मागणाऱ्या आयाबहिणींवर! १२ मार्चला सकाळी किर्पिच्निकोव्ह नावाच्या सार्जंटच्या पुढाकाराने त्यांनी हुकूम धुडकावला. त्यांचा कप्तान गोळी लागून ठार झाला. एकामागून एक पलटणी त्यांना मिळाल्या, आणि दुसऱ्या दिवशी राजधानीत झारसाठी लढणारी फौजच उरली नाही. पुढे सेनापतींनीही पदत्यागाचाच सल्ला दिला. १५ मार्चला प्स्कोव्ह येथे, आगगाडीच्या डब्यात, निकोलसने राजीनाम्यावर सही केली. तीनशे चार वर्षांची सत्ता आठ दिवसांत संपली.

त्यानंतर आलेल्या हंगामी सरकारने युद्ध चालूच ठेवले. नोव्हेंबरात बोल्शेविक चालून आले, तेव्हा हिवाळी राजवाड्याच्या रक्षणाला मुख्यतः लष्करी शाळेतील तरुण, काही कोसॅक आणि स्त्रियांच्या पलटणीची एक तुकडी एवढेच काय ते होते. बाकीची फौज त्यांच्यासाठी हललीच नाही.

तोफा, तुरुंग, खजिना हे सारे सत्तेचे अलंकार होत. तिचा प्राण माणसांच्या होकारात असतो. तो होकार भीतीने काही काळ टिकतो, परंतु हुकूम पाळणाऱ्याला समोरच्या माणसात आपलेच घर दिसले, की भीतीचे काही चालत नाही. मात्र एवढेही विसरू नये, की नकाराने राज्य पडते, न्यायाचे राज्य उभे राहत नाही. जुनी सत्ता गेल्यावर रशियाच्या नशिबी यादवी युद्ध आले, दुष्काळ आला. पाडण्याला आठ दिवस पुरले. उभारण्याचे काम पिढ्यांचे असते.