स्वस्त गोळीची किंमत

आजीचे गुडघे धरले की डब्यातून डायक्लोफिनॅकची पट्टी निघते. नाशिकच्या कुठल्याही मेडिकलमध्ये ती अगदी थोड्या पैशांत मिळते. एवढी स्वस्त कशी?

हे औषध सीबा-गायगी या स्विस कंपनीचं, १९७०च्या दशकातलं. आपल्याकडे १९७२मध्ये नवा पेटंट कायदा लागू झाला होता. त्यात पेटंट औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. देशी कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवलं, स्पर्धा वाढली, भाव उतरले. संधिवाताची गोळी गरिबाच्या आवाक्यात आली.

मग ती गोठ्यातही पोचली. लंगड्या बैलाला टोचलेलं औषध तो मेल्यावर गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. हे कारण २००४मध्ये उघड झालं. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली.

२००६मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच होत्या. म्हणून २०१५मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलीची करावी लागली. जनावरांना आता मेलॉक्सिकॅम देता येतं. तेही संधिवाताचंच औषध, पण गिधाडांना सुरक्षित.

अंजनेरीच्या कड्यांवर आजही गिधाडं दिसतात. आजीची गोळी बंद करा, असं कुणी म्हणत नाही. पण ती चिठ्ठीवर घ्यायची गोळी आहे. स्वस्त आहे म्हणून वर्षानुवर्षं मनानेच घेतली, तर माणसाचीही मूत्रपिंडं बिघडू शकतात.