थंड पिंपाचा इतिहास

आजच्या भाषणाचा विषय बिअरचें पिंप हा आहे हें ऐकून कांहींच्या भुंवया वर चढतील. मद्याची भलावण करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु आपल्या घरांतील शीतकपाटाचें कूळ शोधूं गेल्यास त्याची एक मोठी शाखा म्युनिकच्या मद्यशाळांत सांपडते.

बव्हेरियन बिअर थंडींतच आंबवावी लागते. उष्मा वाढला कीं तींत परके जंतु शिरतात आणि माल आंबट होतो. जंतूंचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें, त्या १५५३ सालीं ड्यूक आल्ब्रेख्त पांचवा यानें २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळांत बिअर तयार करण्यास बंदी केली. मग उन्हाळ्याची तहान भागावी कशी? मार्चमध्यें जरा कडक बिअर करून ती इझार नदीकांठच्या उंचवट्यांत खोदलेल्या तळघरांत ठेवीत. हिंवाळ्यांत तळ्यांवरचा बर्फ तोडून तेथें भरीत. वर खडी पसरीत आणि दाट सावलीसाठीं चेस्टनटचीं झाडें लावीत. लोक त्या सावलींतच पिण्यास बसूं लागले, तेव्हां शहरांतील खाणावळवाले कुरकुरूं लागले. १८१२ सालीं राजा माक्सिमिलियन योझेफ यानें तळघरवाल्यांना उन्हाळ्यांत विक्रीची मुभा दिली, पण पावाखेरीज कोणतेंहि खाद्य विकूं नये अशी अट घातली. राजेलोकांच्या दहा तहांपेक्षां असला एक हुकूम मला अधिक बोलका वाटतो.

पिंप गार करणें दिसतें तितकें सोपें नाहीं. पाण्यासारखा द्रव उष्णता सोडण्यास फार वेळ घेतो. पिंपाचें अंग हाताला गार लागलें तरी पोटांतील बिअर उबदारच असते. आणि उबदार द्रवांत कर्बाम्लवायु टिकून राहत नाहीं. म्हणून घाईनें उघडलेल्या पिंपांतून पेल्यांत बिअरपेक्षां फेंसच अधिक येतो. पिंपाला दिवस-रात्र थंडींत राहूं देणें, हाच त्यावर उपाय.

पण थंडी आणावी कोठून? बोस्टनचा बर्फ एकोणिसाव्या शतकांत जहाजांनीं आपल्या मुंबईसहि येत असे. तथापि तळ्यांवरचा बर्फ अखेर हिंवाळ्याच्या मर्जीचा. म्युनिकचे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनीं यंत्रानें थंडी निर्माण करण्याचा विचार मांडला, आणि श्पाटेन मद्यशाळेचे गाब्रिएल झेडलमायर यांनीं त्याला जागा दिली. १८७३ सालीं तेथें पहिलें यंत्र चाललें. पुढें लिंडे यांनीं अमोनिया वापरला. माठांतून पाझरलेलें पाणी वाळतांना जसें आंतील उष्णता घेऊन जातें, त्याच न्यायानें अमोनिया उकळतांना सभोंवतालची उष्णता शोषतो. मग त्याला दाबून व निववून पुन्हां द्रव करतात. १८७९ सालीं लिंडे यांनीं वीसबाडेन येथें कंपनी काढली. १८८३-८४ चा हिंवाळा सौम्य गेला, तळीं गोठलीं नाहींत, आणि धास्तावलेल्या मद्यशाळांनीं यंत्रांसाठीं त्यांच्याकडे धांव घेतली.

तळघरांतील बर्फ गेला. चेस्टनटचीं झाडें मात्र म्युनिकमध्यें अजून उभीं आहेत, आणि त्यांच्या सावलींत घरची शिदोरी घेऊन बसण्याची रीतहि चालू आहे.