घोट्यातला एक मिलिमीटर

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार. दीड वर्षापूर्वी तिथंच एका बैलानं दावं हिसडलं, आप्पांचा पाय खड्ड्यात मुरगळला आणि घोटा मोडला. संध्याकाळी एक्स-रे माझ्या व्हॉट्सॲपवर आला. पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, प्लेट तर लागेलच. पण दोन हाडांना जोडणारे बंधही फाटलेत. तिथं स्क्रू घालायचा की दोरा-बटण? दोरा-बटणाचा खर्च बराच जास्त.

मी कोड लिहिणारा माणूस. रात्रभर वाचत बसलो आणि अडीचशे वर्षांचा एक वाद सापडला: मोडलेलं हाड किती घट्ट बांधायचं?

1756 मध्ये लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडले. पायाचं हाड मोडून बाहेर आलं. त्यांनी कुणाला पाय हलवू दिला नाही. रस्त्यातच एक दार विकत घेतलं, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर झोपून घरी गेले. पाय कापायचं ठरत होतं, पण वाचला. पुढं 1768 मध्ये त्यांनी घोट्याच्या मोडीचं वर्णन लिहिलं. आजही 'पॉट्स फ्रॅक्चर' हे नाव ऐकू येतं. त्यांचा उपाय साधा होता: गुडघा वाकवून ठेवा, स्नायू सैल पडले की हाड जागेवर येतं. भूल नव्हती, जंतूंचं ज्ञान नव्हतं. मग कापून उघडणार कोण?

1895 मध्ये एक्स-रे आला आणि 'बसवलेलं' हाड आत किती वाकडं असतं ते दिसू लागलं. प्लास्टरात महिनोन्‌महिने राहिलेले सांधे आखडायचे, ते वेगळंच. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्जनांनी 'एओ' हा गट स्थापन केला. त्यांचं म्हणणं: हाड अचूक जुळवा, प्लेट-स्क्रूनं पक्कं करा, सांधा लवकर हलवा. 1976 मध्ये रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी मोजून दाखवलं की घोट्यातलं हाड 1 मिलिमीटर बाहेर सरकलं, तरी सांध्यातला स्पर्श सरासरी 42 टक्क्यांनी घटतो.

म्हणजे घट्टच बांधायचं? इथंच गोम आहे. पाऊल वर वाकतं तेव्हा बाहेरचं बारीक हाड, फिब्युला, किंचित सरकून जागा देतं. आडवा स्क्रू ही हालचाल अडवतो. म्हणून 2000 नंतर दोरा-बटण रुळलं: दोन्ही बाजूंना धातूची बटणं, मध्ये मजबूत दोरा. हाडं धरली जातात, पण जखडली जात नाहीत. आमच्या भाषेत, 'टाइट कपलिंग' सोडून 'लूज कपलिंग'.

आप्पांचा प्रश्न एकच होता: "धार काढायला उकिडवं बसता येईल का?" उकिडवं बसताना घोटा जवळजवळ पूर्ण वाकतो. डॉक्टर स्पष्ट बोलले: "दोन्हींनी जमतं. कशानं धरलं यापेक्षा अचूक जागी धरलं का, हे महत्त्वाचं." मी कर्ज काढायला तयार होतो. आप्पा म्हणाले, "त्या पैशात गाय येईल." स्क्रू घातला.

आठ महिन्यांनी एक्स-रेत तो स्क्रू मधोमध तुटलेला दिसला. माझ्या पोटात गोळा आला, पैशापायी चूक केली असं वाटलं. डॉक्टर हसले. बंध तोवर भरून आले होते, आणि आप्पा चालायला लागल्यावर हाडानं आपली हालचाल परत मिळवली होती. दुखत नसेल तर काढायचीही गरज नाही, म्हणाले.

तुटलेला स्क्रू अजून आत आहे. आप्पा रोज पहाटे उकिडवे बसतात.