गार पाण्याच्या अटी : माँटेरेच्या किनाऱ्याचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "सर, तत्त्वज्ञानवाल्यांना पाणबुड्यांशी काय काम?" प्रश्न रास्त आहे. आम्ही पाठीला हवेची टाकी बांधून कधी पाण्यात उतरलेलो नाही, आणि या वयात उतरण्याचा बेतही नाही. पण कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी धक्क्याजवळ उभे राहून उतरणाऱ्यांना मात्र आम्ही बराच वेळ पाहिले आहे. जाड काळ्या रबरी पोशाखातली माणसे पाण्यातून बाहेर आली की काठावरची माणसे त्यांना एकच प्रश्न विचारत होती : आज कंडिशन कशी आहे?

हा शब्द आमच्या डोक्यात राहिला. मराठीत आपण 'कंडिशन' दोन अर्थांनी वापरतो. रुग्णाची कंडिशन, म्हणजे अवस्था. आणि "माझी एक कंडिशन आहे" म्हणतो, तेव्हा अट. त्या पाणबुड्यांना अवस्थाच विचारायची होती : पाणी किती गार, किती गढूळ, लाट केवढी. पण आमच्यासारख्या, आयुष्यभर कांट शिकवलेल्या माणसाला दुसरा अर्थ ऐकू येणारच. अमुक एक अनुभव शक्य व्हायचा तर आधी काय काय असावे लागते? आज तिथे पाण्याखाली जे दिसते, ते दिसण्याच्या अटी कोणत्या, आणि त्या कोणी पुऱ्या केल्या? हा प्रश्न थेट इतिहासाचा आहे.

आधी जागा समजून घेऊ. सॅन फ्रान्सिस्कोपासून गाडीने दोन-अडीच तास दक्षिणेला माँटेरेचा उपसागर लागतो. आपल्यापैकी बऱ्याच घरची मुले-सुना त्या बाजूला आहेत. आई-वडील भेटीला गेले की त्यांना माँटेरेचे मत्स्यालय दाखवायला हमखास नेतात. हे गाव साडेछत्तीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. भूमध्य समुद्रातले माल्टा बेट जवळपास त्याच अक्षांशावर येते. माल्टाला उन्हाळ्यात लोक साध्या पोहण्याच्या कपड्यांत डुंबतात, आणि माँटेरेचे पाणी ऐन मे महिन्यात दहा ते तेरा अंश सेल्सिअस असते. मग हा गारठा आला कुठून?

आता बघा, वसंतात तिथे वायव्येकडून किनाऱ्याला समांतर वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता उजवीकडे, म्हणजे खुल्या समुद्राकडे ढकलले जाते. रिकामी झालेली जागा भरायला तळचे पाणी वर येते. हे पाणी गार असते आणि तळाशी साठलेल्या खतासारख्या द्रव्यांनी भरलेले असते. ऊन मिळाले की त्यात सूक्ष्म वनस्पती अशा माजतात की पाणी हिरवे होते आणि चार-पाच मीटरपलीकडचे दिसेनासे होते. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्याला नैऋत्य मोसमी वाऱ्यांत अशीच तळघुसळण होते, आणि तिथल्या तारलीचे पीक त्यावरच उभे असते.

म्हणजे पाणबुडा ज्या गढूळपणाबद्दल कुरकुरतो, तोच त्या समुद्राचा स्वयंपाक आहे. शरद ऋतूत वारे पडतात, पाणी निवळते, पंधरा मीटरपर्यंत नजर पोचते, आणि तेव्हा डुबकीसाठी गर्दी होते. पण त्याला शरदात जे बघायला मिळते, ते वसंतातल्या गढूळ पाण्यावर पोसलेले असते.

आता गारठ्याकडे येऊ. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेते. बारा अंशांच्या हवेत आपण स्वेटर घालून फिरायला जाऊ. बारा अंशांच्या पाण्यात उघड्या अंगाने थोड्याच वेळात हात कामातून जातात. हे तिथे व्यवसाय म्हणून पाण्यात उतरलेल्या जपानी माणसांनी भोगले. गेन्नोसुके कोदानी नावाचा जपानी मत्स्यतज्ज्ञ १८९७ साली माँटेरेला आला. अॅबलोनी हा गोगलगायीच्या कुळातला, खडकाला घट्ट चिकटून बसणारा, बशीएवढा शिंपलेदार जीव जपानात फार मोलाचा. तो इथे अमाप आहे हे पाहून कोदानीने आपल्या चिबा प्रांतातून पाणबुडे बोलावले. श्वास रोखून बुडी मारायची आणि अॅबलोनी काढायचा, ही त्यांची पिढीजात विद्या. पण माँटेरेच्या पाण्यापुढे ती चालेना. गारठाच तेवढा होता. मग त्यांनी धातूचे शिरस्त्राण, अंगभर जाड पोशाख आणि होडीवरच्या पंपातून नळीने येणारी हवा, असा सरंजाम स्वीकारला. गावाच्या दक्षिणेला पॉइंट लोबोस इथे कोदानीने अलेक्झांडर अॅलन या जमीनमालकाच्या भागीदारीत अॅबलोनी डबाबंद करण्याचा कारखाना चालवला.

या किनाऱ्यावर पाण्याखाली काम करणारी पहिली संघटित मंडळी ही. १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले. त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. किनारा जाणणारी एक अख्खी जमात किनाऱ्यावरून उचलली गेली.

हौशी माणसाला हे पाणी खुले झाले ते नंतर. फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ मध्ये पाठीवरच्या टाकीतून हवे तेव्हा हवा देणारे यंत्र सिद्ध केले. श्वासाचा प्रश्न सुटला, गारठ्याचा राहिला. तो बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५१-५२च्या सुमारास सोडवला. हे गृहस्थ अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले. तोवर सगळ्यांचा समज असा की ऊब हवी तर अंग कोरडे राहिले पाहिजे. ब्रॅडनरने विचारले, का म्हणून? ऊब कोरडेपणामुळे मिळत नाही. अडकून बसलेल्या हवेमुळे मिळते. मग निओप्रीन नावाच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडले, तर आत पाणी शिरले तरी चालेल. यातून वेटसूट जन्माला आला. आज माँटेरेत सात मिलिमीटर जाडीचा सूट, टोपी आणि हातमोजे ही नेहमीची तयारी. पण गंमत बघा : दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबून निम्मे होतात, आणि सूट पातळ पडतो. म्हणजे जिथे गरज जास्त, तिथेच ऊब कमी.

पण अडकलेल्या हवेची ही युक्ती त्या किनाऱ्यावर एक प्राणी आधीपासूनच वापरत होता : सागरी पाणमांजर. देवमाशाला किंवा सीलला असतो तसा चरबीचा थर याला नसतो. त्याच्या अंगावर एका चौरस सेंटिमीटरला लाखाच्या वर केस असतात आणि त्यांत हवा कोंडलेली असते. एवढी दाट लव दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला नाही. त्या लवेसाठीच अठराव्या-एकोणिसाव्या शतकात माणसाने त्याला मारून संपवले. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली तेव्हा कॅलिफोर्नियात हा प्राणी उरलाच नाही असा समज होता. प्रत्यक्षात बिग सर भागातल्या दुर्गम कड्यांखाली पन्नासेक जीव तग धरून होते. १९३८ मध्ये, नवा किनारी रस्ता झाल्यावर, ते जगाला दिसले.

आता या सगळ्याचा पाण्याखालच्या देखाव्याशी संबंध काय? माँटेरेला पाणबुडे मुख्यतः जातात ते केल्पचे जंगल पाहायला. केल्प हे अजस्र समुद्री शेवाळ खडकाला पकड घालते आणि हवेच्या फुग्यांच्या आधाराने पृष्ठभागापर्यंत उभे राहते. अनुकूल दिवसांत ते दिवसाला फूटभर आणि कधी त्याहूनही जास्त वाढते. शेंड्यांतून झिरपणाऱ्या उन्हात पोहणे म्हणजे देवराईत फिरण्यासारखे, असे तिथे डुबकी मारून आलेला आमचा एक विद्यार्थी सांगतो. या शेवाळाचा शत्रू म्हणजे काटेरी अर्चिन. तो बुंधेच कुरतडतो. आणि अर्चिन खाणारे पाणमांजर. दिवसाला आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढे ते खाते. पाणमांजर गेले की अर्चिन वाढतात, आणि अर्चिन वाढले की जंगल विरळ होत जाते.

इथे एका बाईंचे नाव घेतलेच पाहिजे. ज्युलिया प्लॅट. भ्रूणशास्त्रज्ञ, १८९८ साली जर्मनीत फ्रायबुर्गला डॉक्टरेट मिळवली. बाई असल्यामुळे विद्यापीठात जागा मिळाली नाही, म्हणून माँटेरेशेजारच्या पॅसिफिक ग्रोव्हमध्ये येऊन राहिल्या आणि सार्वजनिक कामात पडल्या. लोकांना किनाऱ्यावर जाण्यापासून अडवणारे फाटक त्यांनी स्वतः तोडल्याची हकिकत तिथे अजून सांगतात. १९३१ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या नगराध्यक्ष झाल्या. तेव्हा शेजारी सार्डिन डबाबंद करण्याचे कारखाने जोरात होते, पाण्यात घाण जात होती, किनारा ओरबाडला जात होता. प्लॅटबाईंनी किनाऱ्याचा अधिकार गावाकडे घेतला आणि सागरी जीवांना हात लावायचा नाही असे राखीव पट्टे करून घेतले. १९३५ मध्ये त्या वारल्या. तेव्हा पाणमांजर परत येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९४० च्या दशकात सार्डिनचा धंदा बसला. १९६० च्या दशकात पाणमांजरे उत्तरेला सरकत सरकत त्या किनाऱ्यावर पोचली, तेव्हा राखीव पट्ट्यात त्यांच्यासाठी ताट वाढलेले होते. त्यांच्यामागून जंगल दाट झाले. वाढणारी बाई जाऊन तीस वर्षे होत आली होती!

इथे थांबलो तर कथा गोड होईल. पण आपण इतिहास सांगतो आहोत, कीर्तन नव्हे. प्लॅटबाईंच्या राखीव पट्ट्यापैकी एक भाग हॉपकिन्स या सागरी संशोधन केंद्रासमोर आहे. ते केंद्र ज्या टेकाडावर उभे आहे, तिथे आधी चिनी कोळ्यांची वस्ती होती. दिवसा इतर कोळी त्यांना मासेमारी करू देईनात, म्हणून ते रात्री मशाली पेटवून म्हाकूल पकडत आणि वाळवत. वाळत्या मासळीच्या वासाची तक्रार झाली. मे १९०६ मध्ये आग लागून वस्तीचा बराच भाग जळाला आणि रहिवाशांना पुन्हा घरे बांधू दिली नाहीत. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथे संशोधन केंद्र आले. म्हणजे ज्या खडकापाशी समुद्राला आसरा मिळाला, त्याच खडकावरून माणसांचा आसरा काढून घेतला होता. पहिल्यामुळे दुसरे क्षम्य होत नाही. दुसऱ्यामुळे पहिले खोटेही ठरत नाही. दोन्ही एकत्र लक्षात ठेवणे, आमच्या मते, इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

आता आजची अवस्था. २०१३ पासून एका रोगाने तारामासे झपाट्याने मेले. त्यांत अर्चिन खाणारा, वीसेक हातांचा सूर्यफूल तारामासा जवळपास नाहीसाच झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ मध्ये समुद्र असाधारण तापला. अर्चिन मोकाट सुटले, आणि माँटेरेतही जंगलाला मोठमोठी टकले पडली. पाणमांजर टिकलेल्या जंगलातले भरल्या पोटाचे अर्चिन खाते, म्हणून तेवढे तुकडे राखले गेले. टकलावरचे अर्चिन मात्र आतून पोकळ. त्यांच्यात खाण्यासारखे काही नाही, आणि ते उपाशीपोटी वर्षानुवर्षे जगतात. २०२१ मध्ये टँकर्स रीफ नावाच्या जागी हौशी पाणबुड्यांना हातोडीने अर्चिन फोडायची मुदतीची परवानगी मिळाली. एकेकाळी फक्त पाहायला उतरणारा माणूस आता पाणमांजराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये एक साधी गोष्ट मांडली : प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्रच मूळचा समुद्र धरून चालते, आणि ऱ्हास तिथून मोजते. १९३० साली त्या पाण्यात उतरलेल्या माणसाला पाणमांजराविना किनारा हीच रीत वाटली असणार. आज पहिल्यांदा उतरणाऱ्या विशीतल्या मुलीला टकले पडलेला खडक हीच रीत वाटेल. तिला कोणी सांगितलेच नाही, तर ती "कंडिशन चांगली आहे" म्हणून बाहेर येईल. पाणी खरोखर स्वच्छ असेल. दहा-पंधरा मीटरवरचे दिसत असेल. फक्त दिसायला तिथे काही उरलेले नसेल.

म्हणून त्या धक्क्यावरच्या प्रश्नात आपण एवढीच भर घालू : कंडिशन कशी आहे, आणि कधीच्या मानाने? या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर पाण्यात मिळत नाही. ते काठावरच्या म्हाताऱ्यांनी, नोंदवह्यांनी आणि अशा सभांनी सांभाळून ठेवावे लागते. आपल्या कोकणच्या समुद्राबद्दल हे उत्तर कोण सांभाळतो आहे, याचा विचार करत आपण घरी जाऊ या.