शब्दवेध : दुरुस्ती

फारसीत ‘दुरुस्त’ म्हणजे धड, बरोबर. मराठीत हा शब्द घड्याळं, पंप, रस्ते यांच्या कामाला लागला आणि तिथून थेट संसदेत पोचला. हिंदीवाले ‘संविधान संशोधन’ म्हणतात. आपल्याकडे संशोधन प्रयोगशाळेत चालतं. म्हणून आपली ‘घटनादुरुस्ती’. पुढे संस्कृत ‘घट्’, म्हणजे जुळवणं, रचणं. मागे फारसी शेपूट. जोडी विजोड, पण संसार बरा चाललाय.

दुरुस्तीला आधी बिघाड हवाच असं नाही. २६ जानेवारी १९५०ला लागू झालेली घटना जून १९५१मध्येच पहिल्यांदा दुरुस्त झाली! रीत कलम ३६८मध्ये आहे : दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. केंद्र-राज्यांतल्या अधिकारवाटपाला हात लावायचा, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचा होकारही लागतो.

१९७३मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठानं ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमतानं बजावलं, की दुरुस्तीच्या नावाखाली घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. चौकटीत नेमकं काय येतं, याच्या याद्या मात्र त्याच निकालात न्यायमूर्तींनी आपापल्या, वेगवेगळ्या दिल्या.