थॉमसनची भावकी

नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागाईतदाराला विचारा, बागेत काय लावलंय? उत्तर येतं, थॉमसन. नाहीतर थॉमसनच्याच पोटच्या एखाद्या वाणाचं नाव. हा थॉमसन खरोखरीचा माणूस होता. विल्यम थॉमसन, जातीचा इंग्रज, १८६३ साली बायकामुलांसह पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्निया राज्यात, युबा सिटीजवळ वसायला आला. १८७२ साली त्याने न्यूयॉर्कहून 'लेडी द कव्हर्ली' नावाच्या वेलाच्या तीन काड्या मागवल्या. दोन मेल्या, एक जगली. १८७५ साली मेरीसव्हिल गावात तिची द्राक्षं पहिल्यांदा चारचौघांसमोर मांडली गेली आणि लोक त्यांना थॉमसनची बिनबियांची द्राक्षं म्हणू लागले.

आपल्याकडचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत: १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांची द्राक्षलागवड, मग भोकरी, अनाब-ए-शाही, चीमा साहेबी हे वाण. मला कोडं पडलं ते थॉमसनच्याही मागच्या कुळाचं.

तुर्कस्तानात या वेलाला सुलतानिना म्हणतात. इराणपासून मध्य आशियापर्यंत किसमिस. डीएनए तपासणीत ही सगळी एकाच वेलाची नावं ठरली. पण वेल मूळचा कुठला? एक पक्ष तुर्कस्तानचा. स्मर्ना बंदरातून सुका मेवा 'सुलताना' या नावाने युरोपभर गेला, हा त्यांचा आधार. मी दुसऱ्या पक्षाचा, इराण-अफगाणिस्तानकडचा. सुलताना हे व्यापाऱ्याच्या पेटीवर शोभणारं नाव आहे. किसमिस हे बागेतलं. शिवाय आपल्या वाण्याच्या दुकानातला बेदाणा फारसीच: बे-दाना, म्हणजे दाणा नसलेला. काबूल-कंदहारचा मेवा घेऊन येणाऱ्यांनी तो शब्द आणला. वेल बांधावर यायच्या कितीतरी आधी त्याचं फळ आणि त्याचा मुख्य गुण, दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात होते.

यावर आक्षेप असा की शब्दावरून व्यापाराची वाट कळते, वेलाचं जन्मगाव कळत नाही. आक्षेप रास्त आहे. पण या वेलाला रुजणारं बी नाही. पाखरं त्याला पसरवत नाहीत. माणूस काडी नेईल तिथेच तो जातो. म्हणून ज्या वाटेवर त्याच्या नावाची मुळं सर्वांत खोल आहेत, तिथेच त्याचं घर शोधायला हवं.

मग 'लेडी द कव्हर्ली' कुठून आली? इंग्रज निबंधकार ॲडिसनच्या लेखांमधलं सर रॉजर द कव्हर्ली हे पात्र इंग्लंडात घरोघर माहीत होतं. त्यामुळे तुर्कस्तानातून इंग्लंडला पोचलेल्या वेलाचं तिथल्याच एखाद्या रोपवाटिकेत बारसं झालं असणार. आणि पिंपळगावात तो थॉमसन म्हणून नांदतो, म्हणजे आपल्याकडे आला कॅलिफोर्नियाच्या वाटेनेच. सरळ खैबरातून उतरला असता, तर आज इथे किसमिसची बाग म्हटली असती. मेवा जवळच्या वाटेने आला, वेल पृथ्वीला वळसा घालून.

बी नसण्याची किंमत मात्र बागाईतदार दर हंगामात मोजतो. फळाच्या आत बी धरू लागतं आणि कोवळेपणीच खुंटतं. मणी फुगवणारी संजीवकं बियांतूनच येतात, म्हणून मणी बारीक राहतो. तो फुगवायला घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिन या संजीवकाच्या, द्रावणात बुडवायचे. हे जिबरेलिनही परकंच: भाताची रोपं उंच, लुकडी करणाऱ्या बुरशीवर जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली केलेल्या अभ्यासातून त्याचा माग लागला. जमिनीखाली पुन्हा वेगळंच कूळ. खारवट माती आणि पाण्याची ओढ सोसणारा डॉगरिज खुंट टेक्सासच्या रानद्राक्षातला, त्यावर कलम या इराणी वेलाचं.

थॉमसनचं नाव का टिकलं, यावर माझं मत ठाम आहे. रोपवाटिकेने दिलेलं नाव यादीत राहतं. ज्याच्या बागेत घड दिसले, त्याचं नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसतं. आपल्याकडेही नव्या पिढ्या बागेतच निपजल्या. थॉमसनच्या वेलावर एखादी फांदी वेगळी निघाली, चाणाक्ष नजरेने ती हेरली आणि तिच्या काड्या लावल्या. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळ्यांचा सोनाका असा आला. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचा तास-ए-गणेश तर तालुक्याचं नाव घेऊनच निघाला. पिंपळगावच्या मांडवाखाली दोन्ही थॉमसनच्याच भावकीत मोजले जातात.