पडद्यानंतरची तेरा वर्षे

इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यांना ॲबी कॉनन्ट हे नाव ठाऊक असते ते बहुधा माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘ब्लिंक’ (२००५) या पुस्तकामुळे. या ट्रॉम्बोनवादिकेची हकीकत त्या पुस्तकाच्या अखेरीस येते आणि पुढची न्यायालयीन लढाईही तिथे सांगितलेली आहे. परंतु भाषणांतून आणि वर्गांतून ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते तेव्हा तिचा पहिला प्रवेश तेवढा उरतो : पडदा, पडद्यामागचा वादक, आणि पडदा दूर होताच उडालेली धांदल. एका कलावतीच्या कारकिर्दीचा इतिहास म्हणून पाहिले तर खरे महत्त्व त्यानंतरच्या वर्षांना आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या वाद्याविषयी थोडे. ट्रॉम्बोन आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेला असतो तो वरातीच्या बँडमध्ये. पितळी वाद्य, पुढे-मागे सरकणारी लांब नळी. या नळीची सात स्थाने मानली जातात, पण त्यांवर खुणा नसतात. ती हाताने आणि कानाने शोधावी लागतात. त्या अर्थाने हे वाद्य पेटीपेक्षा सारंगीला जवळचे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ट्रॉम्बोनच्या वाट्याला प्रतीक्षा फार. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत (१८०८) तीन भाग तो गप्प असतो आणि चौथ्यात प्रवेश करतो. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतही तसेच. उलट मोझार्टच्या ‘रिक्विएम’मधील ‘तूबा मिरुम’ या भागाचा आरंभच एकट्या ट्रॉम्बोनने होतो. राव्हेलच्या ‘बोलेरो’तला एकल तुकडा तर इतका उंच सुरांत आहे की भले भले तिथे धास्तावतात. असे तुकडे ज्याच्या वाट्याला येतात त्या पहिल्या वादकाला जर्मन वाद्यवृंदांत ‘सोलो’ ट्रॉम्बोन म्हणतात. हे कौतुकाचे बिरुद नव्हे. ती नोकरीतली श्रेणी आहे. पुढचे सारे भांडण याच शब्दाभोवती फिरले.

कॉनन्ट यांचा जन्म १९५५ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात झाला. शिक्षण न्यूयॉर्कच्या जुलियार्ड स्कूलपर्यंत झाले, आणि १९८० साली त्या इटलीतील तुरिनच्या ऑपेरात वाजवत होत्या. त्या वर्षी त्यांनी युरोपातील अकरा जागांसाठी अर्ज केले. उत्तर एकच आले, म्युनिक फिलहार्मोनिककडून, आणि त्यावर संबोधन होते ‘श्रीयुत’. उमेदवारांत वाद्यवृंदातील एका वादकाच्या परिचिताचा मुलगा होता, म्हणून पहिली फेरी पडद्याआडून घेण्याचे ठरले. म्हणजे पडदा लावला तो वशिल्याचा संशय येऊ नये यासाठी. स्त्रियांचा विचार त्यामागे नव्हताच.

तेहतीस उमेदवारांत कॉनन्ट सोळाव्या. फर्डिनांड डेव्हिडचे ‘कोन्चेर्टिनो’ वाजवताना एक सूर फुटला. आता संपलेच असे समजून त्या आत जाऊन सामान आवरू लागल्या. बाहेर मात्र निवड झाली होती. हाच वादक हवा, असे सांगून उरलेल्या सतरा जणांना न ऐकताच परत पाठवण्यात आले. मग पडद्याआडून एक स्त्री पुढे आली.

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासताना आसनक्रमांक झाकलेला असतो, हे आम्हां अध्यापकांना परिचयाचे आहे. अक्षर ओळखीचे वाटले तर आपले मन कसे वागते, हेही परिचयाचे आहे. त्याची कबुली आम्ही सहसा देत नाही.

त्या वेळी वाद्यवृंदाचे प्रमुख होते सेर्जिउ चेलिबिदाके (१९१२–१९९६). त्यांना सामान्य कानाचा, पूर्वग्रहदूषित म्हातारा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. विसाव्या शतकातील सूक्ष्मतम श्रवणशक्ती असलेल्या कंडक्टरांत त्यांची गणना होते. संगीत ऐकण्याच्या क्षणातच असते, या श्रद्धेपायी त्यांनी ध्वनिमुद्रणे नाकारली. प्रकरण गंभीर होते ते यामुळेच. कान कच्चा होता असे म्हणण्याची सोय इथे नाही. याच कानाने पडद्याआडचा सूर निवडला होता, आणि पुढे हाच कान म्हणू लागला की तो सूर पुरेसा नाही.

मे १९८१ मध्ये कॉनन्ट यांना दुसऱ्या ट्रॉम्बोनच्या जागी उतरवण्यात आले. कारण दिले नाही. पुढे चेलिबिदाके यांनी ते स्पष्टच सांगितले : सोलो ट्रॉम्बोनला पुरुष हवा. कॉनन्ट न्यायालयात गेल्या. तिथे वाद्यवृंदाच्या बाजूने मांडले गेले की पथकाचे नेतृत्व करण्यास लागणारी शारीरिक ताकद त्यांच्याकडे नाही. मग सुरांचा खटला फुप्फुसांचा खटला झाला. म्युनिकजवळच्या गौटिंग येथील फुप्फुसविकारांच्या रुग्णालयात त्यांची छाती तपासली गेली, रक्त घेतले गेले, यंत्रांत फुंकून श्वास मोजला गेला. निष्कर्ष सरासरीहून बराच वरचा आला. आपण खेळाडू आहात का, असे तिथल्या परिचारिकेने विचारले. तेवढ्यानेही भागले नाही. ‘रिक्विएम’मधल्या त्या एकल तुकड्यात त्यांना धाप लागल्याचे ऐकू येते, असा दावा झाला, वस्तुतः एका पाहुण्या कंडक्टरने त्याच वादनाची खास वाखाणणी केली होती. अखेर एका तज्ज्ञापुढे त्यांना सात अत्यंत अवघड तुकडे वाजवून दाखवावे लागले. तज्ज्ञाचे मत त्यांच्या बाजूने पडले.

इतिहासाच्या अभ्यासकाला या ‘ताकदी’च्या युक्तिवादाचे हसू येईल. एर्कोले बोट्टरिगारी याने १५९४ मध्ये छापलेल्या संवादग्रंथात फेरारा येथील सान व्हितो मठातल्या धर्मभगिनींच्या वादनाचे वर्णन केले आहे, आणि त्यांच्या वाद्यांत ट्रॉम्बोन आहे. मठातल्या स्त्रिया चारशे वर्षांपूर्वी जे वाजवत होत्या, त्यासाठी विसाव्या शतकात वैद्यकीय दाखला मागितला गेला. श्वास किती साठतो यापेक्षा तो कसा खर्चला जातो, यावर हे वाद्य चालते. ते पडद्याआडून ऐकू आलेलेच होते.

१९८८ मध्ये कॉनन्ट यांना सोलो ट्रॉम्बोनची जागा परत मिळाली. वेतन मात्र इतर पुरुष सोलो वादकांच्या बरोबरीचे नव्हते, म्हणून पुन्हा न्यायालय, आणखी पाच वर्षे. १९९३ मध्ये तेही त्यांनी जिंकले. ज्या वयात वादकाची कला बहरावी, त्या पंचवीस ते अडतीस या वयातला हा काळ. दिवसा वकिलांचे कागद आणि संध्याकाळी त्याच कंडक्टरसमोर बसून ब्रुकनर. आमच्या मते त्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड वादन हेच होय, आणि समीक्षकाच्या लेखणीला त्याची दखल घेण्याचे साधन नाही.

निकाल लागला त्याच वर्षी त्यांनी वाद्यवृंद सोडला. १९९२ पासून त्या ट्रोसिंगेन येथील सरकारी संगीत महाविद्यालयात ट्रॉम्बोनच्या प्राध्यापक झाल्या होत्या. त्यांचे पती, संगीतकार विल्यम ऑस्बर्न, यांनी हा सारा वृत्तांत लिहून प्रसिद्ध केला, आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या स्त्रीबंदीविरुद्ध या दोघांनी मोहीम चालवली. त्या वाद्यवृंदाने १९९७ मध्ये स्त्रियांना सदस्यत्व देण्याचे मान्य केले. ऑस्बर्न यांनी कॉनन्ट यांच्यासाठी ‘मिरियम’सारख्या संगीतनाट्यकृती रचल्या. त्यांत रंगमंचावर एकच व्यक्ती असते. ती गाते, अभिनय करते आणि ट्रॉम्बोन वाजवते, प्रेक्षकांच्या पूर्ण नजरेसमोर.